ब्लेकचा वाघ आणि गाईडमधला तक्ता : 'विल्यम ब्लेक आर्काइव्ह'ची पारख

इंग्रजी साहित्याच्या परीक्षेसाठी निघणाऱ्या गाईडांत इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकच्या प्रकरणात एक तक्ता हमखास सापडतो. कोकरू म्हणजे निरागसता, वाघ म्हणजे अनुभव आणि दुष्ट शक्ती, गुलाब म्हणजे प्रेम, किडा म्हणजे पाप. तक्ता पाठ होतो, मार्क पडतात आणि कवितेशी संबंध सुटतो. रोमँटिक, म्हणजे 1800च्या आसपासच्या इंग्रजी, कवितेतली प्रतीकं अशी बरोबरच्या चिन्हाने सुटत नाहीत हे पटवून द्यायला जाडजूड टीकाग्रंथ लागत नाही. ब्लेकने छापलेली पानं चित्रांसह दाखवणारी 'विल्यम ब्लेक आर्काइव्ह' ही वेबसाइट, एक मोठा स्क्रीन आणि दोन-तीन तास पुरतात.

वेबसाइट 1996 पासून चालू आहे. मॉरिस ईव्ह्ज, रॉबर्ट एसिक आणि जोसेफ विस्कोमी या तीन ब्लेक-अभ्यासकांनी ती उभी केली. आज ती चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या आणि रॉचेस्टर विद्यापीठाच्या आधाराने चालते. 2016च्या अखेरीस तिचं रूप पार बदललं, त्यामुळे त्याआधीची वापराची टिपणं हाती लागली तर बाजूला ठेवावीत. नोंदणी नाही, पैसे नाहीत. खुद्द ब्लेकने 1793च्या जाहिरातीत 'साँग्ज ऑफ इनोसन्स' आणि 'साँग्ज ऑफ एक्सपीरियन्स' (निरागसतेची आणि अनुभवाची गाणी) या आपल्या दोन कवितासंग्रहांची किंमत प्रत्येकी 5 शिलिंग लावली होती. 1827 साली, मरणाच्या वर्षी, दोन्ही मिळून एका प्रतीला तो 10 पौंड 10 शिलिंग सांगत होता. तेव्हाही गिऱ्हाइकं मोजकीच होती.

या कवीसाठी चित्रांची वेबसाइट कशाला, हा प्रश्न रास्त आहे. वर्ड्सवर्थ किंवा कीट्स वाचायला छापील पुस्तक पुरतं. ब्लेकचं तसं नाही, कारण तो व्यवसायाने ताम्रपटावर कोरीव काम करणारा कारागीर होता. जेम्स बझायर यांच्याकडे 1772 पासून सात वर्षं उमेदवारी केलेला. 1788च्या सुमारास त्याने स्वतःची छपाईची रीत बसवली. तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडला दाद न देणाऱ्या वार्निशने कवितेची अक्षरं उलटी, म्हणजे आरशात दिसतात तशी, लिहायची आणि चित्रही त्याच पत्र्यावर, त्याच हाताने काढायचं. मग पत्रा ॲसिडमध्ये ठेवायचा. उघडं तांबं झिजून खाली जातं, अक्षरं आणि रेषा उठावात राहतात. त्या उठावाला शाई लावून हलक्या दाबाने कागदावर छाप घ्यायचा आणि वर जलरंग भरायचे. रंग भरायला बायको कॅथरिनही असे. ॲसिडने पडलेले खळगे फार खोल नसत, म्हणून शाई जास्त झाली किंवा दाब वाढला की खळग्यांतही डाग उमटत. असे डाग काही पानांवर आजही दिसतात. त्यांना 'अंधाराचं प्रतीक' म्हणण्याची घाई करू नये. तांबं महाग. 'एक्सपीरियन्स'च्या बऱ्याच प्लेटा 'इनोसन्स'च्याच प्लेटांच्या पाठीवर कोरलेल्या होत्या. निरागसता आणि अनुभव या एकाच नाण्याच्या दोन बाजू असं वर्गात सांगतात, ते इथे धातूच्या पातळीवरही खरं आहे.

वापर 'द टायगर'पासून सुरू करावा. इल्युमिनेटेड बुक्स (सचित्र, रंगवलेली पुस्तकं) या विभागात 'साँग्ज ऑफ इनोसन्स अँड ऑफ एक्सपीरियन्स' उघडलं की प्रतींची यादी येते. प्रत्येक प्रतीला इंग्रजी अक्षराची खूण, छपाईचं वर्ष आणि ती आज कुठे आहे ते दिलेलं असतं. नवा माणूस इथे दोन ठिकाणी हमखास फसतो.

पहिली फसगत अक्षरांची. ए, बी, सी हा छपाईचा क्रम नाही. प्रत एफ 1789 आणि 1794ची, एल 1795ची, वाय 1825ची, झेड आणि डबल ए या दोन्ही 1826च्या. अक्षर ही फक्त नोंदवहीतली खूण आहे, वाचायचं ते वर्ष. दुसरी फसगत पानाच्या आकड्याची. ब्लेकने कवितांचा क्रम प्रतीगणिक बदलला. 'द स्कूल बॉय'सारख्या काही कविता तर त्याने 'इनोसन्स'मधून उचलून 'एक्सपीरियन्स'मध्ये नेल्या. त्यामुळे एका प्रतीतलं बेचाळिसावं पान दुसरीत भलतंच निघतं. शोधायचा तो ब्लेक-अभ्यासक बेंटली याने ठरवलेला प्लेट क्रमांक, जो वेबसाइट प्रत्येक चित्राखाली कंसात देते. 'द लॅम' 8, 'द सिक रोझ' 39, 'द टायगर' 42, 'लंडन' 46. हे चार आकडे कागदावर टिपून ठेवले की बराच त्रास वाचतो.

प्लेट 42 उघडल्यावर वरच्या पर्यायांतून त्याच ताम्रपटावरून छापलेली इतर पानं मागवता येतात. सगळे वाघ एका रांगेत उभे राहतात. या वेबसाइटवरची सर्वांत मोलाची सोय हीच.

आता मजकूर आणि चित्र शेजारी ठेवून बघा. कवितेत रात्रीचं रान आहे, जळते डोळे आहेत, हातोडा, साखळी, भट्टी, ऐरण आहे. चित्रात यातलं काहीच नाही. भट्टी नाही, जाळ नाही. उजव्या कडेला एक निष्पर्ण झाड, त्याच्या फांद्या कडव्यांच्या मधून आडव्या गेलेल्या, आणि खाली एक वाघ. हा वाघ काही प्रतींत बावळट दिसतो, काहींत हसरा, काहींत भुसा भरलेल्या खेळण्यासारखा. रंगही स्थिर नाही. ज्या प्राण्याला 'तुला घडवायला कोण धजला' असं चोवीस ओळी विचारत राहायचं, तो खाली मुकाट उभा. मग ती भीती वाघात आहे, की विचारणाऱ्याच्या डोळ्यांत? तक्त्यातलं 'वाघ = दुष्ट शक्ती' हे समीकरण इथेच गळून पडतं. ब्लेकला वाघ नीट काढता येत नव्हता असं म्हणून मोकळं होणारेही आहेत. तेही थोडं खरं असेल, पण ज्या माणसाने सात वर्षं कोरीव कामात घालवली त्याने अख्ख्या कवितेतल्या अग्नीची एक ठिणगीही चित्रात येऊ दिली नाही, ही काही हाताची चूक नाही.

इथे एक पथ्य सांभाळावं लागतं. रांगेत वाघ पिवळा, तपकिरी, निळसर दिसला की प्रत्येक रंगाला अर्थ चिकटवण्याचा मोह होतो. विस्कोमींनीच दाखवून दिलं आहे की ब्लेक गिऱ्हाईक आलं की एक प्रत असं छापत नव्हता. एका बैठकीत अनेक प्रती छापून, रंगवून ठेवत होता. एकाच बैठकीतल्या प्रती म्हणून एकमेकींच्या जवळच्या असतात, आणि वेगळ्या वर्षांतल्या प्रतींत जो फरक दिसतो त्यातला बराचसा शाई, कागद आणि बदललेल्या आवडीचा असतो. 1818 नंतरच्या प्रती जास्त गडद, घट्ट रंगवलेल्या, कागदाच्या एकाच बाजूला छापलेल्या, चित्राभोवती रेघांची चौकट असलेल्या आहेत. सुरुवातीच्या प्रती पाठपोट छापलेल्या, हलक्या रंगाच्या. तेव्हा आधी वर्ष बघायचं, त्याच वर्षाच्या दुसऱ्या प्रतीत तोच फरक आहे का ते तपासायचं, आणि मग अर्थाकडे वळायचं. ही वेबसाइट वापरून लिहिलेले निबंध फसतात ते बहुतेक याच ठिकाणी.

फरक खरोखर अर्थाला भिडतो असं एक उदाहरण मात्र आहे: 'द लिटल ब्लॅक बॉय', प्लेट 9 आणि 10. कविता 1789ची, गुलामांच्या व्यापाराविरुद्धची संस्था लंडनमध्ये 1787 साली निघाली होती आणि वातावरण तापलेलं होतं. कवितेतला काळा मुलगा म्हणतो की शरीर हे ढगासारखं आहे, आपण दोघं या ढगांतून सुटू तेव्हा मी गोऱ्या मुलाला उन्हापासून सावली देईन, मग तो माझ्यावर प्रेम करेल. प्लेट 10 वर दोन्ही मुलं ख्रिस्तापुढे आहेत. काही प्रतींत दोन्ही मुलं गोरी रंगवलेली आहेत, काहींत एक मूल स्पष्ट काळं आहे. पहिल्या रंगात 'ढग विरला' याचा अर्थ 'काळा मुलगा गोरा झाला' असा होतो, आणि मग सावली कोण कोणाला देणार? दुसऱ्या रंगात तो काळाच राहून देवापुढे पोचतो. शब्द एकही बदललेला नाही. ढग हे प्रतीक समतेचं की विस्मरणाचं, हे ब्रशने ठरवलं. वर्गात शिकवायला एकच पान निवडायचं असेल तर हे निवडावं.

फुलांसाठी प्लेट 43 बघा. संकलनांमध्ये 'माय प्रिटी रोझ ट्री', 'आह! सन-फ्लॉवर' आणि 'द लिली' या तीन कविता तीन वेगळ्या पानांवर, वेगळ्या टिपांसह छापतात. ब्लेकने त्या एकाच पत्र्यावर कोरल्या. वर गुलाबाचं झाड: दुसरं सुंदर फूल नाकारून माणूस आपल्या गुलाबाकडे परततो, तर गुलाब मत्सराने तोंड फिरवतो आणि माणसाच्या वाट्याला काटे तेवढे उरतात. मध्ये सूर्यफूल: सूर्याची पावलं मोजून थकलेलं, ज्या सोनेरी देशाकडे झुरतंय तिथे वासना दडपून मेलेला तरुण आणि बर्फाच्या कफनातली कुमारी आहेत. खाली लिली: नम्र गुलाबालाही काटा फुटतो, गरीब मेंढीलाही शिंग असतं, पण लिली पांढरीशुभ्र, प्रेमात रमणारी, काट्याविना. एकत्र वाचलं की 'गुलाब म्हणजे प्रेम' हे वाक्य लुळं पडतं. इथे तीन फुलं म्हणजे प्रेमाच्या तीन दशा: मालकी, झुरणं आणि मोकळेपण. यांतली लिली पवित्र आहे ती ब्रह्मचर्यामुळे नव्हे, ती प्रेमाला नाही म्हणत नाही म्हणून. चर्चच्या चित्रांतली पांढरी लिली कुमारी मेरीची. ब्लेकने तीच उचलून उलटी लावली.

त्यानंतर 'द सिक रोझ' वाचावी. अवघ्या आठ ओळी. आपल्याकडे बालकवींचा 'औदुंबर'ही आठच ओळींचा, आणि त्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या झाडाचा अर्थ काय यावर मराठीत जेवढी शाई खर्च झाली तेवढी मोठ्या खंडकाव्यांवरही झाली नसेल. आखूड कवितेतलं प्रतीक असंच असतं, त्याला पळून जायला जागा नसते आणि पकडायला शेपूट नसतं. ब्लेकच्या ओळींत किडा अदृश्य आहे, रात्रीच्या वादळात उडणारा. चित्रात मात्र तो दिसतो. गुलाब जमिनीपर्यंत वाकलेला, त्यातून हात पसरून बाहेर पडणारी एक आकृती, काटेरी फांद्यांवर गळून पडलेली माणसं, आणि वर पान खाणारा सुरवंट. जे मजकुरात दिसत नाही असं ठासून सांगितलं ते चित्रात काढून ठेवायचं, ही ब्लेकची खोडी छापील पुस्तकात हरवते. फुलाच्या आतली आकृती आनंदाने बाहेर येतेय की घाबरून, हे ठरवायला चित्र मोठं करूनच पाहावं लागतं, आणि तरीही दोन प्रतींत दोन उत्तरं मिळू शकतात.

'लंडन'साठी दुसरी सोय वापरायची: सारखी रचना असलेली इतर चित्रं. प्लेट 46 वर कुबडी घेतलेला म्हातारा आणि त्याला वाट दाखवणारं मूल आहे. कवितेतले धुराडी साफ करणारा पोरगा, सैनिक, वेश्या यांतलं कोणीही चित्रात नाही. सारख्या रचनांचा धागा धरून गेलं की ब्लेकच्याच 'जेरुसलेम' या शंभर प्लेटांच्या ग्रंथातली प्लेट 84 समोर येते. तिथे तोच म्हातारा, तेच मूल, आणि मजकूर सांगतो की आंधळं, वाकलेलं लंडन बॅबिलॉनच्या रस्त्यांवर भीक मागत चाललंय, मूल त्याला नेतंय. म्हणजे शहरच म्हातारा आहे. गाईडमधली 'लंडन'ची चार पानं या एका जोडीपुढे फिकी पडतात.

याच कवितेतला 'चार्टर्ड' हा शब्द मराठी वाचकाला तर जास्त जवळचा. ब्लेकच्या वहीतल्या पहिल्या खर्ड्यात रस्ता आणि टेम्स नदी 'डर्टी', म्हणजे घाण, होती. मग त्याने ते खोडून 'चार्टर्ड' केलं. चार्टर म्हणजे सनद: नगरपालिकेला, व्यापारी कंपनीला राजाने दिलेले हक्क. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण 1793 सालचं, कविता 1794ची. आपण आजही 'सनदी लेखापाल' म्हणतो. वाहतं पाणीसुद्धा सनदी झालं, हा राग 'घाण'मध्ये नव्हता. त्याच खर्ड्यात 'जर्मन-फोर्ज्ड लिंक्स', म्हणजे जर्मनांनी घडवलेल्या कड्या, होतं (तेव्हाचं इंग्लंडचं राजघराणं मूळचं जर्मन), त्याचं 'माइंड-फोर्ज्ड मॅनॅकल्स', म्हणजे मनानेच घडवलेल्या बेड्या, असं झालं. राजकीय साखळीची मानसिक बेडी झाली ती एका खोडलेल्या शब्दात.

मजकुराच्या बाजूने वेबसाइट चोख आहे. प्रत्येक पानाची नक्कल प्लेटवर आहे तशी, ब्लेकच्या शुद्धलेखनासह दिलेली असते. 'द चिमनी स्वीपर'मध्ये लहानगा नीट ओरडूही शकत नाही, 'वीप वीप वीप वीप' म्हणतो. बऱ्याच संकलनांत याच्या आधी लोपचिन्ह (ॲपॉस्ट्रॉफी) घालतात, म्हणजे 'स्वीप'चा अर्धवट उच्चार एवढंच समजावं म्हणून. प्लेटवर चिन्ह नाही, आणि 'वीप' म्हणजे रडणं. तिथे मूल धंद्याची हाळीही देतंय आणि रडतंयही. शब्द शोधताना मात्र जुनं शुद्धलेखन ध्यानात ठेवावं. वाघ शोधायचा तर 'वाय' घालून लिहिलेला टायगर शोधा, नाहीतर 'द मॅरेज ऑफ हेवन अँड हेल'मधले संतापाचे वाघ, जे ब्लेकच्या मते शिकवलेल्या घोड्यांपेक्षा शहाणे असतात, ते निसटतील.

चित्रांतल्या वस्तू शोधायची वेगळी सोय आहे. तिची गंमत आणि तिचा दोष एकच: ती ब्लेकचे शब्द शोधत नाही, संपादकांनी चित्राच्या वर्णनात वापरलेले ठरावीक शब्द शोधते. गोलाकार काढायचं कंपास टाकून पाहा. 'युरोप' या ब्लेकच्या ग्रंथाच्या सुरुवातीच्या चित्रातला, ढगांतून वाकून अंधारावर कंपास टेकवणारा वृद्ध, आणि समुद्राच्या तळाशी बसून कागदावर आकृती काढणारा न्यूटन, हे एकाच हत्याराने जोडलेले आहेत. ब्लेकसाठी कंपास म्हणजे अनंताला आखून देणारी बुद्धी, युरिझनचं, म्हणजे त्याने कल्पिलेल्या बुद्धी आणि नियमांच्या देवाचं, अवजार. पण किडा शोधताना 'वर्म' टाकून थांबलात तर सुरवंट आणि साप राहून जातील. तिन्ही टाकायचे, आणि मग मजकुरातही वेगळा शोध घ्यायचा. संपादक वर्णन करतात, अर्थ सांगायचं शक्यतो टाळतात. ज्यांना 'याचा अर्थ काय' एवढंच हवंय त्यांना हे कोरडं वाटेल. ती कमतरता नाही, शिस्त आहे.

उणिवा आहेत. सगळं इंग्रजीत, आणि नवख्याला कुठून सुरू करावं याचं बोट धरून मार्गदर्शन फारसं नाही. प्रती, प्लेट, ऑब्जेक्ट, मॅट्रिक्स हे शब्द पहिल्या भेटीत गोंधळात टाकतात. फोनवर तुलनेची रांग जवळपास निरुपयोगी आहे. एका वेळी एकच वाघ दिसला तर तुलना कसली? लॅपटॉप तरी हवाच. रंगांवर आंधळा भरवसा ठेवू नये: स्क्रीनचा उजेड निळसर असेल, रात्रीचा पिवळा मोड चालू राहिला असेल, तर 1826ची प्रत 1795च्या प्रतीसारखी दिसू शकते. आकाराचा भ्रम तर त्याहून मोठा. 'साँग्ज'च्या प्लेटा साधारण 11 सेंटिमीटर उंच आणि 7 सेंटिमीटर रुंद, म्हणजे तळहाताएवढ्या. स्क्रीनभर पसरलेला वाघ पाहून जो दरारा वाटतो तो ब्लेकच्या पुस्तकात नव्हता. खऱ्या आकारात दाखवणारी सोय आहे, ती एकदा तरी वापरावी. तळहातात मावणारी ती पानं लहान मुलांच्या पुस्तकासारखी दिसतात, आणि 'इनोसन्स' खरंच तसं दिसावं असाच ब्लेकचा डाव होता.

दुसरी मर्यादा विषयाची. रोमँटिक कवितेचा अख्खा अभ्यास यावर उभा राहणार नाही. त्याच काळातला कवी कोलरिज याने 1816 साली प्रतीक आणि रूपककथा यांत जो फरक केला, किंवा कीट्सच्या कवितेतल्या कलशाचं आणि शेलीच्या कवितेतल्या पश्चिमवाऱ्याचं काय करायचं, त्यासाठी छापील पुस्तकांकडेच जावं लागेल. तरी ब्लेकनेही स्वतःच्या टिपणांत रूपककथेला कमी दर्जाची कविता म्हणून 'दृष्टी'पासून वेगळं काढलं होतं. तक्त्यातली समीकरणं नेमकी त्याने हिणवलेल्या त्या प्रकारात बसतात.

ज्यांना कागदच हवा त्यांच्यासाठी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधल्या प्रतीची 1991ची रंगीत प्रतिकृती चांगली आहे, पण ती एकाच प्रतीची आहे हे विसरू नये. वेबसाइटवरची चित्रं अभ्यासासाठी, वर्गात दाखवण्यासाठी वापरायला अडचण नसते. लेखासोबत किंवा पुस्तकात छापायची असतील तर ज्या संग्रहालयाची प्रत आहे त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि ते नाव त्याच पानावर दिलेलं असतं. परवानगीचा अर्ज करताना प्रतीचं अक्षर आणि बेंटलीचा क्रमांक दोन्ही लिहा, नाहीतर भलताच वाघ हाती येईल.